खालून दिसलेली विहीर

टँकर येतो आहे हे गावात सगळ्यांत आधी मला कळायचं. वेशीपलीकडच्या चढावर ड्रायव्हरने गिअर बदलला, की भोंगा वाजायच्या आतच मी हातातलं असेल ते टाकून घरात पळायचे आणि कणगीत उतरून बसायचे. ही आमची धान्याची कणगी, तुराट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली. त्या दुष्काळात तिच्यात धान्याचा दाणा नव्हता, त्यामुळे मला जागा ऐसपैस होती. आत गुडघ्यांत डोकं घालून, कानात बोटं कोंबून मी थरथरत बसायचे, आणि बाहेर कोणीतरी आरोळी द्यायचं, "येसू कणगीत गेली गं! हंडे काढा!" मग सबंध वस्तीतून कळश्या-घागरींचा खणखणाट व्हायचा आणि आमच्या बाया गावातल्या बायांच्या आधी टँकरपाशी पोचायच्या. माझ्या भीतीचा असा चांगला उपयोग होतो आहे म्हटल्यावर ती घालवायची घाई कोणालाच नव्हती. शेजारची कौसामावशी तर सकाळपासून आमच्या दारात निवडायला काहीतरी घेऊन बसायची आणि एक डोळा माझ्यावर ठेवायची. मी लघवीला जरी उठले तरी ती हंड्याला हात घालायची.

कागदावर माझं नाव यशोधरा. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ते मोठ्या अभिमानाने ठेवलं होतं आणि गावाने आठवड्याच्या आत त्याची येसू करून टाकली. आबा गावच्या सोसायटीत शिपाई होते. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना खत-बियाणं देणारी सहकारी संस्था, पण त्या सालात ना खताला गिऱ्हाईक ना बियाण्याला, म्हणून आबांचं काम एवढंच होतं की सकाळी कुलूप काढायचं, चेअरमनची खुर्ची पुसायची आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दिवसभर माळावरून हातोड्यांचा आवाज यायचा, शेकडो हातोड्यांचा, आणि तो थांबला की गाव बहिरं झाल्यासारखं वाटायचं. तिथे मिळालेली सुकडी, भाजक्या पिठाचा गोड भुगा, माय पदराच्या गाठीत बांधून आणायची. घरात लाल मिलोच्या भाकरी, परदेशातून आलेल्या जोंधळ्याच्या. आबा म्हणायचे, "तिकडं ही डुकरं खातेत म्हणं." माय म्हणायची, "मग डुकराचे दात बरे असतील." भाकरीबरोबर तरवट्याचा पाला शिजवलेला, आणि ठेचा असला तर तो सणाचा दिवस.

आता विहिरीचं सांगते. आमच्या वस्तीची विहीर गावातल्या सगळ्या विहिरींत ओंगळ आणि सगळ्यांत खोल. खोल असण्याचं कारण साधं होतं, आमच्या पूर्वजांना दुसरीकडे पाणी भरायची मुभा नव्हती, तेव्हा लागेल तितकं खाली खणण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. दुष्काळ पडला आणि वरच्या सगळ्या विहिरी एकेक करून बसल्या. आमचीत मात्र तळाशी एका कपारीतून करंगळीएवढा पाझर चालू राहिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ज्यांना आमच्या विहिरीचं पाणी पिढ्यान्पिढ्या चाललं नव्हतं, त्यांना ते एका उन्हाळ्यात चालायला लागलं. चेअरमनच्या घरची कळशीसुद्धा रांगेत असायची, फक्त ती गडी घेऊन यायचा आणि तोंड दुसरीकडे करून उभा राहायचा.

पाझर असा की बादली बुडत नव्हती. कोणीतरी खाली उतरून वाटीवाटीने पाणी बादलीत भरायचं, मग बादली वर ओढायची. खाली जागा चिंचोळी, तिथे मोठं माणूस वाकूच शकत नव्हतं. मग हलकी, काटक आणि उलट न बोलणारी पोर म्हणून माझी निवड झाली. कमरेला दोर बांधून मला खाली सोडायचे. दोर मायच्या हातात. मला त्याची भीती नव्हती, उलट मिरवावंसं वाटायचं. वर बघितलं की विहिरीच्या तोंडाभोवती बायांची डोकी असायची, पदर लोंबायचे, कोणीतरी ओरडायचं, "येसू, माझ्या बादलीत गाळ नको गं!" आणि मी राणीसारखं उत्तर द्यायचे, "येईल तसं घ्या!"

एके सकाळी मी खाली असताना टँकर आला. तोवर आमच्या गावाला टँकर कधी आलाच नव्हता, तो पहिला. वरून भोंगा ऐकू आला, मग एकच कालवा, मग घागरी आपटल्याचे आवाज, मग पळणाऱ्या पायांची धडधड, आणि वरची डोकी एकेक करून नाहीशी झाली. कौसामावशीला वाटलं माय थांबली आहे. मायला वाटलं कौसामावशी थांबली आहे. मायने दोर रहाटाच्या खांबाला बांधला, हंडे उचलले आणि पळाली. सुदैव एवढंच की टँकर सोसायटीच्या चौकात उभा करून पाणी वाटलं. कुठेकुठे टँकर सरळ विहिरीत ओतायचे. त्यांनी आमच्या विहिरीत ओतला असता तर मला पाणी भरायचे कष्ट तरी पडले नसते.

मी हाका मारल्या. विहिरीत हाक मारली की ती आपल्याच अंगावर पडते. उन्हाचा कवडसा भिंतीवरून खाली उतरला, माझ्या पायांवर आला, आणि दुसऱ्या भिंतीने वर चढून गेला. एका फटीत पिंपळाचं रोप होतं, एका कोनाड्यात पारवा बसला होता. चहूकडे काळं आणि वर एक पांढरा गोल, रिकामा. मला वाटलं गाव सोडून सगळे निघून गेले. ऊसतोडीला जाताना जातात तसे, भांडीकुंडी घेऊन. मग मी हाका मारणं बंद केलं आणि वाटी धरून बसले.

मायला टँकरपाशी दोन हंडे मिळाले. दोन हंडे घेऊन ती आधी विहिरीवर येईल असं तुम्हांला वाटेल. पण भरलेले हंडे विहिरीवर ठेवले असते तर कोणीतरी उचलले असते. म्हणून ती घरी गेली. पाणी गाळलं, झाकलं, वर पाटा ठेवला. चूल पेटवली. भाकरी थापली. आणि दारात येऊन तिने हाक मारली, "येसूऽऽ, भाकर खाऊन घे!" हाक पुरी झाली न झाली तोच ती विहिरीकडे पळत सुटली असं कौसामावशी सांगायची. मला वर ओढलं तेव्हा माझ्या हातात वाटी होती आणि ती काठोकाठ भरलेली होती. मायने मला छातीशी धरलं, रडली, आणि रडता रडता माझ्या हातातली वाटी घेऊन शेजारच्या घागरीत ओतली. सवयच तशी झाली होती.

त्या दिवसापासून मी बोलेनाशी झाले. आबांनी सिरसाळ्याच्या बाजाराला गेल्यावर एका डॉक्टरला दाखवलं. त्याने माझ्या घशात बॅटरी मारून बघितलं, "घसा एकदम फस्क्लास हाय," म्हणाला, आणि लाल औषधाची बाटली दिली. मी ते पीत नसे, मग वाया जायला नको म्हणून आबा प्यायचे. दोन बाटल्यांत आबांचा आवाज मोठा खणखणीत झाला. माझा कुठे गेला होता कोण जाणे. मी तांब्यातून पाणी प्यायचे तेही डोळे मिटून, कारण तांब्याचा तळ बघितला की मी त्या तळाशी असायचे. आणि मायशी मी नजर मिळवत नव्हते. माय उलट फार बोलायला लागली होती. सकाळपासून रात्रीपर्यंत तिची टकळी चालायची, कोंबडीशी, चुलीशी, माझ्याशी. विहीर सोडून ती सगळ्या विषयांवर बोलायची.

एक दिवस मी चुलीतला कोळसा घेतला आणि घराच्या भिंतीवर काढायला बसले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. सगळी भिंत मी काळी केली, हात काळे, परकर काळा, आणि मध्ये एक गोल मोकळा सोडला. काढून झाल्यावर त्या गोलाकडे बघत बसले. कवडसा अंगावर घेतल्यासारखं बरं वाटलं. तोवर रात्रीही मी कणगीतच झोपायचे, त्या रात्री बाहेर झोपले. सकाळी उठून बघते तर भिंत कोरी. मायने शेणमातीने लिंपून टाकली होती. मी पुन्हा काढलं. तिने पुन्हा लिंपलं. त्या सालात आम्ही अंघोळीला पाणी बघितलं नव्हतं, भांडी राखेने घासत होतो, आणि माझी माय रोज पहाटे प्यायच्या हंड्यातलं पाणी घेऊन भिंत लिंपायची. आबा चिडायचे, "कावून पाणी नासायलीस? पोरीनं कोळसा ओढलाय, त्येनं काय भिंत पडायली का?" माय म्हणायची, "घाण दिसतंय." ते चित्र कशाचं आहे हे सगळ्या गावात एकट्या मायला पहिल्या दिवशीच कळलं होतं, हे मला फार पुढे उमगलं.

आता मी बीडमध्ये राहते. अठ्ठावीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवून निवृत्त झाले. मागे एका शिबिरात एका तरुण बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की लहान मुलांच्या मनावरचा घाव चित्रातून बाहेर पडतो, याचं मोठं शास्त्र झालं आहे. मला म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या काळी याला काय म्हणायचे?" मी म्हटलं, "भिंत घाण करणं."

घरची भिंत रोज कोरी व्हायला लागली, तेव्हा आबांनी मला सोबत सोसायटीत न्यायला सुरुवात केली, म्हणजे निदान पाणी तरी वाचेल. सोसायटीची एकच खोली, वर पत्रे. मागची भिंत नुकतीच चुन्याने पांढरीशुभ्र केली होती, कारण कोणी मोठे साहेब दुष्काळ बघायला येणार होते. आबा बाहेर निंबाखाली डुलकी घेत होते. मी पोतंभर कोळसा शोधून काढला, टेबलावर चढले, आणि ज्या आकाराचं चित्र मला काढायचं होतं त्या आकाराचं काढलं. जमिनीपासून पत्र्यापर्यंत काळोख. मध्ये गोल. यावेळी पिंपळाचं रोपही काढलं, पारवा काढला, कपार काढली.

चेअरमन म्हणजे दिगंबरराव. अंगाने रुंद, डोक्याला गुलाबी फेटा, आणि आवाज असा की त्यांना टँकरचा भोंगा लागत नव्हता. ते आत आले आणि ओरडले, "शिपाई! ह्ये कुणी केलं बे?" आबा धडपडत आले. मी टेबलावरच उभी, नखशिखांत काळी. आबांचा चेहरा असा झाला की नोकरी गेलीच. तेवढ्यात चेअरमनच्या मागून धोंडीतात्या आत आला.

धोंडीतात्या गावचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचा, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. त्या दुष्काळात त्याचा नारळ जागोजाग उभा राहिला आणि जागोजाग कोरडे खड्डे निघाले. लोक त्याला बघून नारळाचं काय झालं विचारायचे, आणि तो म्हणायचा, खाल्ला. त्याने माझी भिंत बघितली, जवळ गेला, काळ्यावर हात फिरवला, पांढऱ्यावर फिरवला, आणि खाली बसला. "चेअरमनसायब," तो म्हणाला, "ह्ये काळं रान हाय. आन ह्ये मधी पानी हाय. ह्यो पाला बघा, हिरवळ. ह्यो पारवा. पानी असल्याबगर पारवा येतोय का? पोरगी हिरीत दिसभर पाताळापाशी बसून आलीय. तिला खालचं दिसायलंय."

आबा म्हणाले, "साहेब, पोरगी आजारी हाय. देव न्हाई." आबा विहारात दर आठवड्याला अंधश्रद्धेवर बोलणारे. पण तहानलेल्या गावात विज्ञान कोण ऐकतो? चेअरमन फेटा सारखा करून म्हणाले, "ह्येला कुणी हात लावायचा न्हाई." दुष्काळ बघायला मोठे साहेब आले तेव्हा त्यांनी भिंत बघितली आणि विचारलं हे काय आहे. चेअरमन म्हणाले, "पाण्याचा नकाशा." साहेबांनी मान डोलावली आणि आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मग माझी फिरती सुरू झाली. ज्याच्या त्याच्या घरी मला चित्र काढायला न्यायचे. मी बोलत नव्हते, हे तर लोकांना जास्तच पटलं, जाणकार माणूस जास्त बोलत नसतो म्हणे. रंगांची लयलूट झाली. कोणी नीळ द्यायचं, कोणी गेरू, कोणी चुना, एकीने तर देव्हाऱ्यातली हळद काढून दिली. वर गुळाचा खडा, मूठभर शेंगा. आमच्यापैकी कोणाचं पाऊल ज्या घरांच्या ओसरीपलीकडे पडलं नव्हतं, त्या घरांच्या माजघरात मी टेबलावर चढून भिंती काळ्या करत होते. चेअरमनची म्हातारी आई एका कोपऱ्यात बसून माझ्यामागे शिंपडायला पाणी मागत होती. चेअरमन म्हणाले, "आई, पानी आसतं तर हिला कशाला आणली आसती?" मग तिने गोमूत्र मागितलं, तर जनावरं सगळी चाऱ्याच्या छावणीला. म्हातारी बिचारी तशीच बाटत बसली.

मी सगळीकडे एकच चित्र काढत होते. लोकांना फरक दिसायचा, कोणाला वाटायचं आपल्या घरचा गोल मोठा आहे, कोणी शेजाऱ्याचा गोल आपल्यापेक्षा जास्त पांढरा म्हणून भांडायला यायचे. मला खरोखर फरक पडत होता. पारव्याला मी निळा केला. पिंपळाला हळद आणि नीळ कालवून हिरवा केला. कपारीत गेरू भरला. प्रत्येक भिंतीवर ती विहीर थोडी थोडी माझ्या ताब्यात येत होती. मी तांब्यातून डोळे उघडून पाणी प्यायला लागले. टँकर आला की मात्र अजून कणगीत. आणि गोल कोराच राहायचा. त्यात काय काढायचं ते मला ठाऊक होतं, पण हात जात नव्हता.

मग बोअरची गाडी आली. सरकारने तालुक्यात पाठवली होती आणि प्रत्येक गावाच्या वाट्याला एकच बोअर. कुठे मारायचा? चेअरमन म्हणाले माझ्या मळ्यात. वरची आळी म्हणाली देवळापाशी. आमची वस्ती म्हणाली वस्तीत. चावडीवर तीन दिवस भांडणं झाली, दोन डोकी फुटली, आणि शेवटी धोंडीतात्या म्हणाला, "येवढा नकाशा काढून ठिवलाय, आन तुमी भांडायलेत कावून?" सगळ्यांत मोठं चित्र सोसायटीच्या भिंतीवर. म्हणजे पाणी तिथेच. सर्वानुमते ठराव झाला. सोसायटीत सर्वानुमते झालेला तो पहिला ठराव.

गाडीवरचा मुख्य मिस्त्री औरंगाबादकडचा, खान नावाचा, तंबाखू खाणारा शांत माणूस. त्याला भिंत दाखवली तेव्हा तो म्हणाला, "भाई, दीवार में बोअर नै मारते." यावर गावात पुन्हा चर्चा. चित्र भिंतीवर आहे, म्हणजे पाणी भिंतीत कसं असेल? ते खाली असणार, भिंतीच्या पायाशी, खोलीच्या आत. खान म्हणाला, "अंदर मेरी गाडी कैसे जायेगी?" चेअरमननी फेटा काढून कमरेला बांधला आणि म्हणाले, "पाडा." दुपारपर्यंत सोसायटीची पुढची भिंत पडली, पत्रे उतरले, कपाट, टेबल, खताच्या रिकाम्या गोण्या निंबाखाली गेल्या. चेअरमनची खुर्चीही गेली, आणि आबांनी ती सवयीने पुसली. तीन भिंतींच्या त्या खोलीत बोअरची गाडी मागे मागे करत शिरली आणि माझ्या चित्रापुढे उभी राहिली.

सगळं गाव जमलं. मला हार घातला होता, कागदी फुलांचा. माय गर्दीच्या टोकाला, पदर तोंडात धरून. यंत्र सुरू झालं आणि कानाचे पडदे फाटतील असा आवाज झाला, भोकातून दगडाचं पीठ उसळलं. एक नळी गेली, दुसरी गेली, पांढरा धुरळा उडतच राहिला. सगळं गाव त्या धुरळ्याने पांढरं झालं, चेअरमन, धोंडीतात्या, कौसामावशी, खानाची दाढी. नळ्या संपल्या. खानाने यंत्र बंद केलं आणि म्हणाला, "सूखा." आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. पण गावाला ते खरं वाटेना. नळ्या काढल्या, आणि सगळे भोकाभोवती गोळा झाले, वाकले, आणि आत बघायला लागले. गोल. पांढरी पांढरी तोंडं, डोक्याला डोकं लावून. धोंडीतात्या भोकात ओरडला, "हाय का?" जणू आतून कोणी उत्तर देणार होतं.

मी ते बघितलं आणि मला हसू फुटलं. पोटातून आलं, थांबेना. हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता शब्द बाहेर पडले. "आता वाकायलेत व्हय? मी व्हते तवा एक बी वाकलं न्हाई!"

सगळी पांढरी तोंडं माझ्याकडे वळली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, जाडाभरडा. मी भिंतीकडे हात केला. "त्ये पानी न्हाई. ती आपली हीर हाय. खालून. मी लई हाका मारल्या. वर कुणीच नव्हतं, म्हून गोल रिकामा हाय."

मग चेअरमन, पापण्यांवरचं पीठ झाडत, अगदी दुखऱ्या आवाजात म्हणाले, "म्हंजे हितं पानी न्हाई. मग पोरी, भिंत पाडायच्या आदी बोलायचं की गं." खान एवढा हसला की त्याच्या तोंडातली तंबाखू उडाली. आबा हसले नाहीत. ते गर्दीतून आले, माझ्या गळ्यातला हार काढला आणि मला कडेवर घेतलं. कडेवर घेण्याएवढी मी लहान नव्हते.

आमच्या गावात माफी मागायची पद्धत नाही. शब्दच कोणाला येत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सोसायटीत गेले, तर कौसामावशी तिथे आधीच उभी. म्हणाली, "माझं डोस्कं काढ त्या गोलात. वाकलेलं." मी काढलं. तिला पटेना. "अजून वाकव," म्हणाली. मग एकेक जण यायला लागला. धोंडीतात्या नारळ घेऊन आला आणि नारळासकट काढून घेतला. ज्यांच्या बादल्या मी भरत होते त्या सगळ्या बाया आल्या. चेअरमन तर त्या दिवशी विहिरीवर नव्हतेच, पण तेही आले, फेटा धुऊन, म्हणजे झटकून. म्हणाले, "मला वरच्या बाजूला घे. मी चेअरमन हाय."

मी म्हटलं, "खालून बघितलं की वरची बाजू नसते. गोल हाय."

"मग पयलं कोन?"

"कुनीच न्हाई."

शेवटी त्यांना धोंडीतात्या आणि माझ्या वस्तीतल्या एका म्हातारीच्या मधल्या जागेत बसावं लागलं, खांद्याला खांदा लावून. फेटा तेवढा मी मोठा काढला, कारण त्यांनी दोन मुठी शेंगा दिल्या होत्या.

सगळे येऊन गेले, माय आली नाही. गोलाच्या कडेला एक जागा मी राखून ठेवली होती आणि तिथे कोणालाही बसू देत नव्हते. मला तिचा राग होता, फार राग होता. भिंत लिंपल्याचा जास्त की दोर बांधून पळाल्याचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी एका दुपारी ती आली. टँकरचा दिवस होता, म्हणून बरोबर दोन हंडे. दारातच, म्हणजे जिथे दार होतं तिथे, उभी राहिली. गोलातली डोकी एकेक करून बघितली. रिकामी जागाही बघितली. तिची टकळी बंद होती.

तेवढ्यात चढावर गिअर बदलला. मला आधी ऐकू आला, तसाच. माझ्या हातातला कोळसा पडला. पळायला कणगी तिथे नव्हती. मग भोंगा वाजला, चौकात कालवा झाला, घागरी आपटल्या, भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाया पळाल्या, कौसामावशी पळाली, पायांची तीच धडधड, आणि मी डोळे घट्ट मिटून भिंतीला चिकटून उभी राहिले. आता डोळे उघडले की कोणी नसणार, हे मला माहीत होतं.

उघडले. माय होती. हंडे तिच्या पायाशी आडवे पडलेले. ती भुईवर बसली होती, मांडी घालून, जणू जेवायला बसावं तशी.

"माय, टँकर," मी म्हटलं. विहिरीनंतर तिच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

"जाऊ दी," ती म्हणाली. "माझं काढ."

मी कोळसा उचलला. तिचं नाक वाकडं आलं. काढून झाल्यावर ती म्हणाली, "हातात दोर काढ." मी दोर काढला. तो गोलातून सुटून काळोखातून खाली, भिंतीच्या पायापर्यंत आणला, जिथे मी बसले होते तिथपर्यंत. बाहेर टँकर रिकामा झाला, बाया भांडत भांडत घरी गेल्या, तरी आम्ही दोघी बसून होतो. माय त्या भिंतीकडे बघून आवाज न करता रडत होती, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्या पदरातल्या गाठीची सुकडी खात होते.

त्या संध्याकाळी आमच्या घरात पाण्याचा थेंब नव्हता. सोसायटीच्या कामाने दिवसभर तालुक्याला गेलेले आबा आले, त्यांनी हंड्यावरचं झाकण काढून बघितलं, दुसऱ्या हंड्यावरचं काढून बघितलं. "टँकर आलता की आज," ते म्हणाले. "पानी कावून न्हाई?"

माय चुलीपुढे बसून कोरडी भाकरी मोडत होती. ती म्हणाली, "पोरीजवळ बसले व्हते."

आबांनी दोन्ही झाकणं परत लावली आणि जेवायला बसले.